क्षयरोग आरोग्यधामातील चॅपेल

क्षयरोग्यांच्या निवासी रुग्णालयातील ख्रिस्ती प्रार्थनागृह. चॅपेल हे एखाद्या संस्थेपुरते असते. नागपूरच्या सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रल हे बिशपचे पीठ आहे, तसा मान चॅपेलला नसतो.

कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, पण त्यावर गुणकारी औषध मिळायला पुढची साठ वर्षे गेली. तोवर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढाच इलाज होता. रोगी महिनोन् महिने आरोग्यधामात राहत, घरदार दूर असे, आणि बरे होण्याची खात्री कुणीच देत नसे. प्रार्थनेच्या जागेची निकड अशा ठिकाणी किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

या प्रकारातील सर्वांत विचारपूर्वक बांधलेली वास्तू इंग्लंडमधील मिडहर्स्टची. सातव्या एडवर्डच्या नावाचे हे आरोग्यधाम अर्नेस्ट कॅसल याच्या २ लाख पौंडांच्या देणगीतून उभे राहिले आणि १९०६ मध्ये सुरू झाले. चॅपेलचा आराखडा चार्ल्स होल्डनचा. एका दालनाऐवजी त्याने दोन दालने तिरकी जोडली, एक स्त्रियांसाठी आणि एक पुरुषांसाठी. ती जिथे मिळतात तिथे वेदी आहे. दक्षिणेकडची बाजू कमानींनी खुली ठेवली होती, त्यामुळे उपासनेच्या वेळीही हवेचा उपचार खंडत नसे.

दक्षिण ही आपल्याकडे यमाची दिशा. क्षयरोग्यांचे देवघर नेमके तिकडेच उघडावे, हे मराठी वाचकाला खटकेल. कारण अक्षांशात आहे. मिडहर्स्ट सुमारे ५१ अंश उत्तरेला असल्याने तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. ऊन हवे तर दार तिकडेच हवे. नागपुरात मेअखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो आणि पायाखालची सावलीही नाहीशी होते. इथल्या रोग्याला उन्हापेक्षा सावलीचीच गरज जास्त.

स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचे गुणकारी औषध आले आणि चित्र पालटले. मद्रासमधील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले की, घरी राहून औषधे घेणारे रोगीही आरोग्यधामातल्यांइतकेच बरे होतात. लांबच्या मुक्कामाची गरज संपली. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, टीबी वॉर्डाचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, पण आज बहुतेक रोगी गोळ्या घेऊन घरीच राहतात. मिडहर्स्टच्या कमानींत पुढे काचा बसल्या. रुग्णालय २००६ मध्ये बंद झाले आणि त्या आवारात आता घरे आहेत.