नवा मास्टर सिलिंडर बसवला, तरी ब्रेक पोकळ? पीस परत आणण्याआधी हे वाचा

सकाळी शटर वर करायच्या आत कुणीतरी खोका घेऊन उभा असतो. खोक्यात आमच्याकडूनच नेलेला मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑईलमार्फत चाकांच्या ब्रेकला पोचवणारा पार्ट), ब्रेक ऑईलने माखलेला. "पीस खराब दिलात. नवा बसवला तरी पहिल्या पायाला ब्रेक नाही, तीन पंप मारल्यावर लागतो." ऐकून ऐकून पाठ झालंय. म्हणून हा कागद छापला. आता प्रत्येक खोक्यात बिलासोबत घालतो.

परत आलेला पीस आम्ही गिऱ्हाइकासमोर वाईसला लावून तपासतो. बहुतेक वेळा तो चांगला निघतो. घोळ बसवताना झालेला असतो: सिलिंडर कोरडाच बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) लावला, वरून ऑईल ओतलं आणि थेट चाकांवर हवा काढायला बसले. अर्धा दिवस इथेच जातो.

आत एकामागे एक दोन पिस्टन असतात, दोन वेगळ्या लाइनींसाठी. कोरड्या सिलिंडरमध्ये दोन्हींच्या पुढे हवा असते. ऑईल दाबून दबत नाही, हवा दबते. पाय ठेवला की आधी ती हवा चेपते आणि पेडल तेवढं खाली जातं. बऱ्याच गाड्यांत सिलिंडरचं पुढचं टोक किंचित वर असतं आणि हवा नेहमी उंच जागा धरून बसते. पेडल दाबलं की बुडबुडा पाईपात वीतभर सरकतो, सोडलं की परत जागेवर. मागच्या चाकाच्या निपलपर्यंत (हवा काढायच्या स्क्रूपर्यंत) तो येतच नाही. तुम्ही लिटरभर ऑईल ओतून बसता आणि शेवटी पीसला नावं ठेवता.

ही हवा सिलिंडर हातात असतानाच काढायची. वाईसमध्ये तो फ्लँजला (बोल्टच्या भोकांच्या पट्टीला) धरा, नळकांड्याला नको. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी दबली की आतला बोअर गेलाच. आडवा, लेव्हलमध्ये ठेवा. टाकीत सीलबंद डब्यातलं ताजं ऑईल भरा. पाईप जोडायच्या भोकांना नळ्या लावा आणि नळ्यांची टोकं टाकीतल्या ऑईलखाली बुडवा. मग बोथट रॉडने पिस्टन हळू आत दाबा, तितक्याच हळू सोडा. आधी सोडावॉटरसारखा फेस येतो, मग मोठे बुडबुडे, मग टाचणीच्या डोक्याएवढे. फेस गेला की काम झालं समजून निम्मे लोक इथेच थांबतात. बारीक बुडबुडेही पूर्ण बंद झाले पाहिजेत. त्यानंतर भोकं प्लगने बंद करून पिस्टन दाबला, तर तो तीनेक मिलिमीटर आत जाऊन दगडासारखा अडतो. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

गाडीवर पाईप जोडताना थोडी हवा शिरतेच. ती नटवरच काढा: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने नट किंचित ढिला करून पाय सुटायच्या आत आवळायचा. खाली चिंधी धरा. ब्रेक ऑईल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी मारा.

गेल्या पावसाळ्यात पाटणच्या बाजूची एक दुधाची व्हॅन आली होती. दुसरा सिलिंडर बसवून झालेला, तिसरा मागायला मालक हजर. मी दुसराच वाईसला लावला. त्याच्या डोळ्यांदेखत चार मिनिटं बुडबुडे येत होते. तो काही बोलला नाही, शेजारच्या टपरीवर जाऊन दोन चहा सांगून आला. त्याच सिलिंडरवर व्हॅन दुपारी गेली.

त्यानंतर चाकांचा नंबर. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सिलिंडरही बहुधा उजवीकडे. सर्वात लांबचं चाक मागचं डावं. सुरुवात तिथून करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मोबाइलवरचे बरेच व्हिडिओ मागच्या उजव्यापासून सुरू करतात, कारण त्या देशांत ड्रायव्हर डावीकडे बसतो. काही गाड्यांत लाइन तिरकी वाटलेली असते, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एका लाइनीवर. तिथे कंपनीच्या पुस्तकात दिलेला क्रम धरा. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. एबीएसच्या गाडीत ही चूक जास्त महाग पडते: हवा मॉड्युलेटरमध्ये (एबीएसच्या वाल्व्हच्या डब्यात) गेली तर बऱ्याचदा स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही.

एवढं करूनही पेडल नरम असेल, तर पायाला विचारा. पंप मारल्यावर वर येत असेल तर हवा उरली आहे किंवा मागचे ड्रम ढिले आहेत. हँडब्रेक ओढून पेडल दाबा. तेवढ्याने पेडल वर आलं, तर ड्रममधले लायनर अ‍ॅडजस्ट करा, सिलिंडरला हात लावू नका. पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) खोलले होते का? डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि वरची हवा कधीच निघत नाही. इंजिन सुरू करताना पायाखालचं पेडल थोडं खाली जातं, तो बूस्टर चालू असल्याचा पुरावा आहे, तक्रार नव्हे.

पाय दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली बसत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. चाकांजवळ, होजवर, जॉइंटवर कुठे ओल आहे का बघा. नसेल, तर सिलिंडरच्या आतले रबरी कप दाब सोडत असतील. तसा पीस आमच्याकडे आणाच. ब्रेकची खात्री होईपर्यंत गाडी घाटात घालू नका, गल्लीतही नको.

आता परतीबद्दल. "दोन दिवसांपूर्वी नेलाय, वापरलाही नाही," असं म्हणून ऑईल लागलेला पीस पुढे करतात. ऑईल लागलेला सिलिंडर आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून विकत नाही. तुम्हालाही तसा कुणी विकलेला चालणार नाही. म्हणून नियम एकच: पाईपच्या जागी प्लग लावून पेडल दाबायचं. कडक राहिलं तर सिलिंडर चांगला, हवा किंवा दोष पुढे लाइनीत. प्लग लावूनही खाली बसलं, तर त्याच मिनिटाला बदलून देतो, बिल हरवलं असलं तरी. पितळी प्लगचा सेट शंभर रुपये अनामतीवर मिळतो, परत आणला की पैसे परत.

आमच्याकडून सिलिंडर आणि ऑईल एकत्र घेतलं, तर वाईसवरची हवा आम्हीच काढून, प्लग लावून देतो. त्याचे पैसे घेत नाही. मिस्त्रींना यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आमचा वाईस रिकामाच असतो.

ऑईल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, आणि हवेतलं पाणी शोषलं की दोन्ही झपाट्याने खाली येतात. कुंभार्ली घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. गेल्या वर्षीचा अर्धा उघडा डबा म्हणूनच वापरू नका. आम्ही लहान डबे ठेवतो ते त्यासाठी. कप पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका, ते फुगतात. ताजं ब्रेक ऑईलच लावा.

आणि येताना जुना सिलिंडर सोबत आणा, भंगारात देऊ नका. बूस्टरच्या रॉडची खोली आणि पाईपचे आटे त्याच्याशी मापून देतो. रॉड आखूड पडला तर हवा नसतानाही पेडल खाली राहतं, लांब पडला तर ब्रेक धरून राहतात. दुपारी दीड ते तीन जेवणाची सुट्टी असते, तेवढी वेळ सोडून या.