बेसला गिटारचा ॲम्प चालतो का? एकदाच नीट उत्तर

घरी गिटारचा दहा वॅटचा ॲम्प (आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) पडून आहे, त्यालाच बेस, म्हणजे खालच्या स्वरांची बेस गिटार, लावला तर चालेल का? असं कुणी विचारलं की दोन पक्ष लगेच बाह्या सरसावतात. एक म्हणतो, स्पीकर फाटेल, लावूच नकोस. दुसरा म्हणतो, आम्ही कॉलेजभर असंच वाजवलं, काही होत नाही. दोघांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच मेख आहे.

गिटारचा ॲम्प तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. बेसचा ॲम्प समोरून तसाच दिसतो: तेच जॅक, तेच नॉब, तीच काळी जाळी. ट्यूब की ट्रान्झिस्टर, ॲक्टिव्ह (आत बॅटरी असलेल्या) बेससाठी वेगळा इनपुट आहे की नाही, आत किती इफेक्ट भरलेत, यावर लोक तासन्‌तास भांडतात. घरच्या सरावासाठी यातल्या एकाही गोष्टीने फारसं काही अडत नाही. खरा फरक जाळीमागे आहे, स्पीकरमध्ये आणि त्याच्या खोक्यात.

गिटारची सगळ्यात जाड तार, खालचा ई, ८२ हर्ट्झला वाजते. बेसची ई त्याच्या एक सप्तक खाली, ४१ हर्ट्झला. पाच तारांचा बेस असेल तर खालचा बी ३१ च्या आसपास. आता हर्ट्झ निम्म्यावर आले म्हणून स्पीकरचं काम दुप्पट होत नाही. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली जायचं, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. बेसच्या ॲम्पची सगळी बांधणी या एका गोष्टीसाठी आहे.

गिटारचा स्पीकर मुद्दाम हलका आणि ताठ बनवतात. त्याची कडा बहुधा दुमडलेल्या कागदाचीच असते आणि पडद्याला हलायला जेमतेम जागा असते. गिटारला तेवढी पुरते, शिवाय त्या ताठपणातूनच तिचा तो कुरकुरीत आवाज येतो. बेसच्या स्पीकरची कडा सैल, पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, दणकट, आणि पडदा कितीतरी जास्त हलू शकतो.

दुसरी गोष्ट खोक्याची. गिटारचे बरेच छोटे ॲम्प मागून उघडे असतात. पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. ४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते, ती त्या टीचभर खोक्याला सहज वळसा घालते, आणि पुढची-मागची लाट एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून बेसचं खोकं बंद असतं, किंवा त्याला नीट मोजून काढलेलं भोक असतं.

आता ते दोन पक्ष परत बघा. हळू आवाजात पडदा फारसा हलतच नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. दुसरा पक्ष इथे बरोबर. पण हळू आवाजात बेसचा तळ, म्हणजे खालचे स्वर, ऐकूही येत नाही. मग माणूस काय करतो? ‘बेस’ लिहिलेला नॉब दहावर नेतो, मग व्हॉल्यूम वाढवतो. या नॉबवर माझा विशेष राग आहे. नळाला पाणी नसताना तोटी कितीही फिरवा, तसा हा प्रकार. स्पीकरला जे जमत नाही तेच त्याच्याकडून जोराने मागितलं जातं, पडदा हद्दीबाहेर जातो आणि ‘फर्र’ असा आवाज येतो. तिथून पुढे पहिला पक्ष बरोबर. कागद फाटतो किंवा कॉइल घासायला लागते.

‘दोन्ही दहाच वॅटचे, मग फरक कसला?’ हेही याच गोंधळाचं भावंड. दहा वॅटचा गिटार ॲम्प बेडरूममध्ये कान बधिर करतो, दहा वॅटचा बेस ॲम्प टीव्हीच्या आवाजात हरवतो. खालच्या स्वरांना आपला कान मुळातच मंद आहे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय. त्यात वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने बेससाठी ३०० वॅटचा एसव्हीटी ॲम्प काढला, तो काही हौस म्हणून नाही.

इथे कुणीतरी हमखास फेंडर कंपनीच्या बासमनचा दाखला देतो: बेसचा ॲम्प गिटारवाले वाजवतातच ना, मग फरक कसला? फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि १९५२ मध्ये त्याच्यासाठी बासमन ॲम्प. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आणि उघडी पाठ आली, आणि त्याच्यावर जीव जडला तो गिटारवाल्यांचा. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या पहिल्या ॲम्पचं सर्किट त्याच्यावरूनच घेतलेलं. म्हणजे पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, स्पीकर आणि खोकं बघा.

उलटा प्रकार मात्र बिनधास्त चालतो. बेसच्या ॲम्पला गिटार लावली तर आवाज थोडा सपक येईल, डिस्टॉर्शनला (मुद्दाम फाडलेल्या आवाजाला) धार नसेल, पण मोडणार काही नाही. घरात एक गिटारवाला आणि एक बेसवाली असेल आणि पैसे एकाच ॲम्पचे असतील, तर बेसचा घ्या.

कोणता घ्यायचा? आठ इंची स्पीकरचा २५ वॅटचा ॲम्पही ४१ हर्ट्झ धड काढत नाही, हे दुकानदार सांगणार नाही. तुम्हाला ऐकू येतात ते वरचे ८२, १२३ हर्ट्झचे स्वर, आणि खालचा स्वर मेंदू आपल्या मनाने जोडून घेतो. बोटं आणि लय सुधारायला एवढं पुरतं. फेंडर रंबल २५ किंवा ऑरेंज क्रश बेस २५ या गटातले. माझं मत विचाराल तर रंबल ४० घ्या. त्याचा स्पीकर दहा इंची आहे, आणि त्या दोन इंचांचे पैसे वॅटच्या आकड्यापेक्षा जास्त वसूल होतात. ब्लूटूथ पार्टी स्पीकर किंवा होम थिएटरचा सबवूफर मात्र कृपा करून सुचवू नका.

ॲम्प कोपऱ्यात, जमिनीवर ठेवू नका. भिंती खालचे स्वर फुगवतात आणि खालच्या मजल्यावरच्यांना स्लॅबमधून थेट कार्यक्रम पोचतो. स्टुलावर ठेवा, तोंड कानाकडे करा. खोलीची एक बाजू दहा फूट असेल तर उघडी ए तार, ५५ हर्ट्झ, बाकीच्यांपेक्षा घुमेल. तो दोष खोलीचा आहे, त्यासाठी ॲम्प परत करायला जाऊ नका.

आणि ‘मोबाइलवर तर पन्नासच डेसिबल दाखवतंय’ असं सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगू नका. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ ही मर्यादा आहे खरी, पण ती डीबीए या मापात. त्या मापात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डेसिबलने कमी धरला जातो. आकडा नियमात बसतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोप बसत नाही.

म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आधी हेडफोनचा जॅक बघावा. हेडफोन लावला की स्पीकर गप्प होतो आणि वरचं सगळं रामायण संपतं. तेव्हा त्या पडून असलेल्या गिटारच्या ॲम्पलाही बेस खुशाल लावा. काही ॲम्प हेडफोनच्या वाटेवर गिटारच्या खोक्याची नक्कल करून तळ कापतात, तेवढं ऐकून बघा. हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथवर स्वर इतका उशिरा पोचतो की लयीचा सराव करण्यात अर्थ उरत नाही. आणि कायम हेडफोनवरच वाजवणार असाल तर ॲम्प घेऊच नका. व्हॉक्सचा खिशातला ॲम्पप्लग बेस किंवा साधा ऑडिओ इंटरफेस (बेस कंप्युटरला जोडणारा डबा) कितीतरी स्वस्तात काम करतो.

स्पीकरचाच हवा असेल तर दुकानात स्वतःचा बेस घेऊन जा. सगळे नॉब मध्यावर ठेवा, उघडी ई तार वाजवत व्हॉल्यूम हळूहळू चढवा, आणि ‘फर्र’ कुठे सुरू होतं ते बघा. घरी वाजवता त्या आवाजाच्या आधीच झालं, तर पुढचा ॲम्प लावायला सांगा.