कोडिंग येत नाही म्हणून ॲपची कल्पना अडत नाही

‘कोडिंग येत नसेल तर आधी लाखो रुपये देऊन पूर्ण ॲप बनवून घ्यावे, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये’, असा समज कित्येक वर्षे फिरतो आहे. ॲप कोडवरच चालते, त्यामुळे तो पटणे स्वाभाविक आहे. परंतु सुरुवातीचा प्रश्न कोडचा नसून गरजेचा असतो.

समजा, रावेर-यावल भागातील केळी उत्पादकांना कापणीसाठी मजुरांची टोळी मिळवून देणारे ॲप काढायचे आहे. त्यासाठी प्रथम एक वही आणि एक फोन पुरतो: शेतकऱ्याचा निरोप घ्यावा, मुकादमाशी स्वतः बोलावे आणि काही आठवडे हेच काम हाताने करून पाहावे. ‘असे ॲप वापराल का?’ असे विचारल्यास माणसे भिडेखातर होच म्हणतात, म्हणून ‘मागच्या कापणीला टोळी कशी मिळाली, तयार घड किती दिवस खोळंबले?’ असे विचारावे. तोच शेतकरी पुढच्या कापणीला आपणहून फोन करतो का आणि सेवेचे ५० रुपये देतो का, ही खरी पडताळणी होय.

त्यानंतर कोड न लिहिता, तयार साधनांतून साधे ॲप उभारता येते. पैशांचे व्यवहार आणि लोकांची खासगी माहिती हाताळायची वेळ आली, की मात्र जाणकार प्रोग्रामर घ्यावाच. तेव्हा नेमके काय हवे, हे त्याला वहीतील नोंदींवरूनच दाखवता येते.