धनुष्याची दोरी हाताला लागते कारण कोपर वाटेत येतं

२०२३ च्या ऑगस्टमधे बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पण झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडे बरेच पालक पोरांना तिरंदाजीला घालायचं म्हणतायत. फार चांगली गोष्ट आहे. पण सुरवातीच्या दिवसांतच पोरगी घरी येते ती धनुष्य धरलेल्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून पार कोपरापर्यंत काळानिळा वळ घेऊन, आणि घरात कोणीतरी म्हणतंच की अगं हे होणारच, वळ उठल्याशिवाय कोणी धनुर्धर होत नाही, अर्जुनाच्या हाताला पण घट्टे होतेच की.

होते, खरंय. विराटपर्वात अर्जुन स्वतःच सांगतो की दोरीचे घट्टे लपवणं अवघड आहे म्हणून मी हातात बांगड्या घालून ते झाकेन. पण त्याच महाभारतात योद्धे हाताला गोधा म्हणजे चामड्याचं आर्मगार्ड बांधून लढायला निघतात, ते मात्र कोणी सांगत नाही. मार खाऊन कातडी निबर करणं हे ट्रेनिंग नाही. रोज त्याच जागी दोरी लागतेय म्हणजे फॉर्ममधे चूक आहे आणि ती शोधता येते.

आधी वेगाचं बघू. नवशिक्याचं ३० पाउंडाचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं आणि दोरी बोटांनी ओढायचं, धनुष्य धरा, म्हणजे पूर्ण ओढल्यावर साधारण साडेतेरा किलोचा ताण. दोरी सोडली की ती जेमतेम अर्धा मीटर पुढे जाते आणि त्याला साधारण १५ ते २० मिलिसेकंद लागतात. माणसाला काही जाणवून हात हलवायला दीड-दोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे दोरी सुटल्यावर हात बाजूला घेऊ हे विसरायचं, तोवर सगळं संपलेलं असतं. फटका बसतो तोही दोरीच्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात, जिथे तिचा वेग सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे जे काही सुधारायचं ते दोरी सोडायच्या आधी. आणि एकदा जोरात लागलं की पोरं पुढच्या बाणाला आधीच दचकतात, खांदा वर जातो, कोपर आत वळतं आणि परत तिथेच लागतं.

बरं दोरी सरळ पुढे जाते असं वाटतं पण बोटांनी सोडली तर तशी जात नाही. ती बोटांच्या टोकांवरून घरंगळत सुटते त्यामुळे आधी थोडी बाजूला सरकते, आणि नेमकी धनुष्य धरलेल्या हाताच्या दिशेला, मग नागमोडी होत पुढे जाते, बाणही तसाच वाकत निघतो. अदिती-ओजसच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यात दोरी बोटांनी न सोडता रिलीज एडने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या खटक्याने, सोडतात म्हणून हे सरकणं खूप कमी असतं. रिकर्व्हवाल्यांना मात्र हाताशेजारी थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते.

ती जागा मिळते कोपरातून, आणि मला हा भाग शरीररचनेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. कोपर ही दाराची बिजागरी आहे, एकाच दिशेत उघडते-मिटते. प्रश्न एवढाच की ती बिजागरी कुठे तोंड करून आहे. आत्ताच करून बघा. भिंतीला डावा खांदा करून उभे रहा, डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला लांब करून तळवा भिंतीला टेकवा, बोटं तिरकी वर. कोपराची घडी, म्हणजे रक्त तपासायला सुई टोचतात ती जागा, बहुतेकांची आत्ता छताकडे बघत असेल. या अवस्थेत कोपर थोडं वाकवलं तर ते खाली जातं, आणि दोरी जाते छातीच्या बाजूने, म्हणजे वाकवून काहीच फायदा नाही. त्यात माणसाचा हात कोपरापाशी मुळातच थोडा तिरका असतो, बायकांमधे हा कोन साधारणपणे जास्त, आणि घडी वर असताना त्या तिरकेपणामुळे कोपराची आतली बाजू थेट दोरीच्या वाटेत येते. मुलींना जास्त लागतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे, त्या नाजूक आहेत वगैरे काही नाही.

आता तळवा भिंतीवरून अजिबात न हलवता फक्त दंड आतल्या बाजूला फिरवा, घडी छताकडून वळून तुमच्या समोर बघायला लागेल. तळवा तसाच राहिला ना? याचं कारण कोपराच्या खाली दोन हाडं आहेत आणि त्यातलं अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावर फिरतं, वर दंडाचं हाड जेवढं वळलं तेवढा पीळ ही जोडी खाली सामावून घेते. आता कोपर किंचित वाकवा. ते पाठीच्या बाजूला जातं, दोरीपासून लांब! अर्ध्या-पाऊण इंचाची जागा इथेच मिळते आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते. एक मात्र सांभाळायचं, ज्यांचं कोपर उलट्या बाजूला जास्त वळतं त्यांनी हात ताठ लॉक केला तर या अवस्थेत ते उलट दोरीकडे जातं, त्यामुळे कोपर थोडं ढिलं ठेवायचं. हे रिकाम्या हाताने रोज करा, मग रबर बँड ओढून करा, मग धनुष्य घ्या.

बाकी कारणं साधी आहेत. ग्रिप मुठीत आवळली की मनगट आत येतं आणि मागोमाग अख्खा हात येतो, म्हणून भार अंगठ्याच्या उंचवट्यावर घ्यायचा आणि बोटं सैल सोडायची. झेपत नाही एवढं पाउंडेज, म्हणजे ओढायला लागणारा जोर, असलेलं धनुष्य दिलं की खांदा उचकटतो. धनुष्याच्या ग्रिपपासून दोरीचं अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात, ते कमी पडलं की दोरी मनगटाच्या जास्त जवळ येऊन थांबते. नवी दोरी वापरून ताणली जाते म्हणून हे अंतर अधूनमधून मोजायचं आणि कमी भरलं तर दोरी काढून तिला आणखी पीळ द्यायचा, पिळाने ती आखूड होते आणि अंतर वाढतं.

सैल बाही, घड्याळ, कडं हे धनुष्याच्या हातावर नको. नजर लागू नये म्हणून मनगटाला बांधलेला लोंबता काळा दोरा पण नको, दोरी त्यात अडकली तर इजा तो दोराच करेल.

आणि वळ उठलाच तर कापडात गुंडाळून बर्फ दहा-पंधरा मिनिटं, चोळायचं अजिबात नाही, तेल लावून रगडलं की फुटलेल्या केशवाहिन्यांतून आणखी रक्त झिरपतं. निळा डाग पुढे हिरवट मग पिवळा होतो तेव्हा घाबरू नका, साचलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन टप्प्याटप्प्याने मोडत असतं. सूज घट्ट होत वाढत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवा, आणि डाग पूर्ण जाईपर्यंत आर्मगार्ड असला तरी फक्त भिंतीवरचा सराव.