आत्मवाचक क्रियापदे, पोर्तुगीज

ज्या पोर्तुगीज क्रियापदांबरोबर कर्त्याच्याच पुरुष-वचनाचे आघातहीन सर्वनाम (मे, ते, से, नोस, वोस, से) येते, ती आत्मवाचक क्रियापदे. शब्दकोशात ती ‘से’ जोडून दिलेली असतात : ‘लवार’ म्हणजे धुणे, ‘लवार-से’ म्हणजे अंग धुणे. पोर्तुगीज व्याकरणकार त्यांना बहुधा ‘सार्वनामिक क्रियापदे’ म्हणतात आणि तीच संज्ञा अधिक नेमकी आहे. कारण यांतील बहुतेक क्रियापदांत कर्ता स्वतःवर काहीच करीत नसतो. या नोंदीत पोर्तुगीज शब्द लेखनातील अक्षरांनुसार दिले आहेत. प्रत्यक्ष बोलण्यात ‘से’चा स्वर पोर्तुगालमध्ये जवळजवळ गळून पडतो, तर ब्राझीलमध्ये तो ‘सी’ असा ऐकू येतो.

‘से’ हे लॅटिनमधील तृतीयपुरुषी आत्मवाचक सर्वनाम. त्याला लिंग नाही, वचनभेद नाही आणि प्रथमेचे रूप तर लॅटिनमध्येही नव्हते. लॅटिनची प्रत्ययांनी साधलेली कर्मणी रूपे बोलभाषेत लोपली. त्यांची जागा काही अंशी या ‘से’ने भरून काढली, असे सामान्यतः मानतात.

अर्थ : मराठी भाषकाने ‘से’ म्हणजे ‘स्वतःला’ असे पाठ केले, की पहिल्याच आठवड्यात अडचण येते. मराठीतील फुटणे-फोडणे, बसणे-बसवणे या जोड्या त्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतात. ‘एले पार्तिउ ओ कोपो’ म्हणजे त्याने ग्लास फोडला. ‘ओ कोपो पार्तिउ-से’ म्हणजे ग्लास फुटला. मराठी धातूचे रूप बदलते, पोर्तुगीज धातू तसाच ठेवून ‘से’ लावते. याच न्यायाने ‘सेंतार’ बसवणे, ‘सेंतार-से’ बसणे. ‘लेवांतार’ उचलणे, ‘लेवांतार-से’ उठणे. ‘एंगानार’ फसवणे, ‘एंगानार-से’ चुकणे. ‘अकोर्दार’ मात्र जागे होणे आणि जागे करणे या दोन्ही अर्थांनी ‘से’वाचून चालते, म्हणून प्रत्येक क्रियापद शब्दकोशात पाहूनच लक्षात ठेवावे.

सर्वनाम गळाले तर काय होते, हे ‘देस्पेदिर’वरून दिसते. ‘देस्पेदि-मे दो शेफे’ म्हणजे मी साहेबांचा निरोप घेतला. ‘देस्पेदि ओ शेफे’ म्हणजे मी साहेबांना कामावरून काढून टाकले. पोर्तुगालमध्ये नोकरीच्या संदर्भात नुसते ‘देस्पेदि-मे’ म्हटले, तर राजीनामा दिला असा अर्थ होतो.

केइशार-से (तक्रार करणे), आरेपेंदेर-से (पश्चात्ताप होणे), अत्रेवेर-से (धजणे) ही क्रियापदे ‘से’शिवाय वापरतच नाहीत. त्यांच्याबरोबरचे संबंधी अव्ययही ठरलेले असते : केइशार-से, आरेपेंदेर-से, लेंब्रार-से (आठवणे), एस्केसेर-से (विसरणे) यांच्यामागे ‘दे’, अत्रेवेर-से मागे ‘अ’, काझार-से (लग्न करणे), प्रेओकुपार-से (काळजी करणे) यांच्यामागे ‘कों’, आपाइशोनार-से (प्रेमात पडणे) मागे ‘पोर’. ‘मला आठवते’ या मराठी रचनेमुळे अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत घालण्याचा मोह होतो. पोर्तुगीजमध्ये ती कर्ताच असते : ‘लेंब्रो-मे दे ति’, मला तू आठवतोस. स्पॅनिश आधी शिकलेल्यांची चूक वेगळी. ते दात घासतानाही आत्मवाचक सर्वनाम घालतात. पोर्तुगीजमध्ये ‘लावो ओस देंतेस’ एवढेच पुरते.

अनेकवचनी कर्ता असेल तर ‘एकमेकांना’ हाही अर्थ निघतो. ‘वेमो-नोस अमान्यां’ म्हणजे उद्या भेटू. संदिग्धता राहिल्यास पुढे ‘उं आओ ओउत्रो’ (एक दुसऱ्याला) जोडतात.

रूपे व लेखन : वर्तमानकाळात एउ लेवांतो-मे, तु लेवांतास-ते, एले लेवांता-से, नोस लेवांतामो-नोस, एलेस लेवांतां-से. ‘वोस’ दैनंदिन बोलण्यातून बहुतांशी गेले आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनात ‘नोस’ जोडताना क्रियापदाच्या शेवटचा ‘स’ गळतो; ‘लेवांतामोस-नोस’ ही शिकाऊंची नेहमीची चूक आहे. कर्ता ‘नोस’ आणि आत्मवाचक ‘नोस’ लेखनात केवळ स्वरावरच्या आघातचिन्हाने वेगळे दिसतात.

आणखी एक चूक पोर्तुगालमधील शाळकरी मुलेही सर्रास करतात. ‘लावा-से’ (तो अंग धुतो) आणि ‘लवासे’ (त्याने धुतले असते तर, या अर्थाचे अखंड रूप) यांची ती लिहिताना गल्लत करतात. पहिल्यात आघात ‘ला’वर, दुसऱ्यात ‘वा’वर. कानाला शंका आली तर वाक्य नकारार्थी करून पाहावे. ‘नांओ से लावा’ असे सर्वनाम सुटून पुढे आले, तर मधली आडवी रेघ हवी. ‘नांओ लवासे’ असे अखंड राहिले, तर नको.

सर्वनामाचे स्थान : खरा कस इथे लागतो. पोर्तुगालच्या प्रमाणभाषेत साध्या होकारार्थी मुख्य वाक्यात सर्वनाम क्रियापदानंतर येते (परयोजन). ते क्रियापदाआधी ओढणारे (पूर्वयोजन) शब्द ठरलेले आहेत : नकार (नांओ, नुंका, निंगेंय), प्रश्नार्थक शब्द, ‘के’, ‘क्वांदो’, ‘पोर्के’ यांसारखी गौण वाक्ये जोडणारी अव्यये, ‘झा’, ‘सेंप्रे’, ‘तांबेंय’, ‘आइंदा’, ‘सो’ ही क्रियाविशेषणे, ‘तोदोस’, ‘अल्गेंय’ यांसारखी सर्वनामे. म्हणून ‘लेवांतो-मे सेदो’ (मी लवकर उठतो), पण ‘नुंका मे लेवांतो सेदो’ (मी कधीच लवकर उठत नाही). क्रियापदाच्या डावीकडे यांपैकी काही आहे का, हे आधी पाहावे. नसेल तरच आडवी रेघ ओढावी.

भूतकालवाचक धातुसाधिताला सर्वनाम कधीही जोडत नाहीत, ते सहायक क्रियापदाला लागते : ‘तेन्यो-मे लेवांतादो सेदो’ (हल्ली मी लवकर उठतो आहे). भविष्यकाळात व संकेतार्थात ते क्रियापदाच्या पोटात शिरते (मध्ययोजन) : ‘लवार-मे-एइ’ (मी अंग धुईन). हे विचित्र वाटले तरी सकारण आहे. हा भविष्यकाळ ‘लवार’ आणि ‘आवेर’ (असणे, बाळगणे) या क्रियापदाचे रूप ‘एइ’ यांच्या संयोगातून झाला आहे आणि सर्वनाम त्या जुन्या सांध्यावर बसते. बोलताना ‘वोउ लवार-मे’ म्हणून हा प्रश्न टाळतात.

स्थानाचा इतिहास : सर्वनामाने वाक्याची सुरुवात होऊ नये हा जुन्या रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांचा सामान्य नियम एकोणिसाव्या शतकात टोब्लर व मुसाफिया या भाषाभ्यासकांनी मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मध्ययुगीन पोर्तुगीज तो पाळते. सोळाव्या शतकात मात्र कर्ता आधी आल्यास होकारार्थी मुख्य वाक्यातही पूर्वयोजनच अधिक आढळते. एकोणिसाव्या शतकापर्यंत पोर्तुगालमध्ये परयोजन रूढ झालेले दिसते. बदल नेमका केव्हा झाला, यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक तो सतराव्या शतकात नेतात आणि पाद्री आंतोनिओ विएइरा (१६०८–९७) यांच्या प्रवचनांतील विपुल परयोजनाकडे बोट दाखवतात. ब्राझीलमधील कांपिनास विद्यापीठाच्या टिको ब्राहे ऐतिहासिक संहितासंग्रहावर काम करणाऱ्या शार्लोत गाल्वेस व त्यांचे सहकारी अठराव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या लेखकांपासून बदल धरतात. विएइरांच्या पत्रांत पूर्वयोजनच प्रबळ आहे. प्रवचनांतील परयोजन दोन गोष्टींतील विरोध ठसवण्याच्या वक्तृत्वशैलीतून आलेले असावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. एकाच लेखकाच्या दोन प्रकारच्या लेखनातील फरक त्याने उलगडतो, म्हणून तो अधिक ग्राह्य वाटतो.

ब्राझीलचे ‘एउ मे लेवांतो’ हे पोर्तुगालमधील बदलापूर्वीच्या भाषेचे अवशेष म्हणून सांगितले जाते. हे अर्धे खरे आहे. ब्राझीलमध्ये ‘मे लेवांतो सेदो’ अशी थेट सर्वनामाने सुरुवात होते आणि ती सोळाव्या शतकातही चालत नसे. ब्राझिली व्याकरणकार सैद आली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या फरकाचे मूळ उच्चारात शोधले होते : ब्राझीलमध्ये ही सर्वनामे तितकी आखूड होत नाहीत, म्हणून मागच्या शब्दाला टेकण्याची त्यांना गरज पडत नाही.

कर्मणी ‘से’ : घर विकणे आहे, अशा पाटीवर ‘वेंदें-से काझास’ लिहावे की ‘वेंदे-से काझास’, हा वाद जुना आहे. ‘काझास’ (घरे) कर्ता मानल्यास क्रियापद अनेकवचनी हवे, आणि प्रमाण व्याकरणाचा आग्रह तोच आहे. ‘से’ हाच अनिश्चित कर्ता मानल्यास एकवचन योग्य ठरते. सैद आली यांचा कल या दुसऱ्या बाजूला होता. परीक्षेत अनेकवचन लिहावे.

प्रादेशिक प्रचार : ब्राझीलच्या बोलभाषेत ‘से’ गळण्याकडे कल आहे : ‘लेंब्रो’, ‘काझेइ’ अशी रूपे सहज ऐकू येतात, मिनास जेराइसमध्ये विशेषच. गोव्यातील पोर्तुगीज अध्यापनाला पोर्तुगालचे वळण आहे. ब्राझिली मालिका व अ‍ॅपवरून शिकलेला विद्यार्थी तेथे ‘मे लेवांतो’ लिहितो आणि गुण गमावतो. दोन्हींपैकी एकच पद्धत धरून चालणे हिताचे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथील पोर्तुगीजजन्य क्रिओल बोलीत क्रियापदाला पुरुषानुसार प्रत्यय उरलेले नाहीत. त्यामुळे वरील रूपावली तिला लागू पडत नाही.