५०० बॅकलिंकचं दरपत्रक

दापोलीजवळ माझ्या मावसभावाचं होमस्टे आहे. चार खोल्या, मागे आमराई, जेवणाला वहिनीच्या हातची सोलकढी. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा त्याने ओळखीतल्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. दिवाळी तोंडावर आली तरी गूगलवर तिचा मागमूस नाही. मग एका एजन्सीने त्याला दरपत्रक पाठवलं. त्याने त्याचा फोटो काढला आणि मला धाडला. खाली एक ओळ : ‘दादा, शेवटची रक्कम तेवढी कळली. बाकीचं तू सांग.’

बाकीचं असं होतं : कीवर्ड रिसर्च, ऑन-पेज एसईओ, मेटा टॅग, महिन्याला ५०० बॅकलिंक, डीए ३०+, आणि ठळक अक्षरांत ‘पहिल्या पानाची हमी’.

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे शोधणाऱ्याला आपलं पान वरती दिसावं यासाठीची खटपट. या धंद्यातले निम्मे शब्द शोधयंत्राच्या मोजमापातून आले आहेत आणि उरलेले ते मोजमाप चकवण्याच्या प्रयत्नांतून. म्हणून आधी यंत्र काय करतं ते बघावं लागतं.

आपण शोधाचं बटण दाबतो तेव्हा गूगल इंटरनेट धुंडाळत बसत नाही. ते काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम एका पानावरून दुव्याचं बोट धरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा अखंड फिरत असतो. कुठे यायचं नाही हे त्याला सांगायला साइटच्या दारात रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल ठेवतात. ही पद्धत १९९४ची. ती कुलूप नव्हे, ‘कृपया आत येऊ नये’ अशी पाटी आहे, पण सभ्य क्रॉलर ती पाळतात. भावाची अडचण इथेच होती. त्याच्या साइटकडे जाणारा दुवा कुठेच नव्हता, त्यामुळे क्रॉलरला तिकडची वाटच माहीत नव्हती. सगळ्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, साइटमालकांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये देता येते. फुकट.

क्रॉलरने आणलेल्या पानांची मग सूची होते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, अमुक शब्द कुठल्या पानांवर, तशीच. समजा ‘दापोली’पुढे ३, १७, ४२, ९० हे पानांचे क्रमांक आहेत आणि ‘होमस्टे’पुढे ८, १७, ९०. दोन्ही शब्द हवे असतील तर १७ आणि ९०. अब्जावधी पानांतून क्षणात उत्तर येतं ते या उलट्या सूचीमुळे.

पण दोन पानं उरली तर वर कुठलं? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२मध्ये, वेब जन्माला यायच्या बरंच आधी, यातली एक किल्ली शोधली : जो शब्द थोड्याच पानांवर येतो, त्याला वजन जास्त. ‘आहे’ हा शब्द सगळीकडे असतो, त्यावरून काहीच कळत नाही. ‘सोलकढी’ मोजक्या ठिकाणी असतो, म्हणून तो बोलका. त्याला जोड दिली ती शब्द त्या पानावर किती वेळा आला याची. आपल्या दरपत्रकातला कीवर्ड तो हाच, लोक शोधताना जो शब्द टाइप करतील तो.

मोजणी कशाची होते हे कळलं की लोक तेच वाढवतात. १९९०च्या दशकात एकच शब्द शंभरदा लिहिलेली पानं बोकाळली. काही बिलंदर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहीत, म्हणजे माणसाला दिसू नये पण यंत्राने मोजावं. याला कीवर्ड स्टफिंग म्हणतात. पानाच्या पोटात लपवलेला ‘मेटा कीवर्ड’ टॅग तर इतका नासला, की आपण तो क्रमवारीसाठी वापरत नाही असं गूगलने २००९मध्ये जाहीर केलं. हे फक्त छोट्या दुकानदारांचे उद्योग होते असंही नाही. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच दाखवल्याबद्दल २००६मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट आपल्या सूचीतून काढून टाकली होती.

मराठीत या मोजणीला आणखी एक पेच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट आपापले फॉन्ट वापरत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत साठवलेलं असे भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह. वाचणाऱ्याला मराठी, यंत्राला गिचमिड. ते दुखणं गेलं, पण विभक्ती राहिली. ‘दापोलीत’मधून ‘दापोली’ सोलून काढणं सोपं आहे. ‘देवळाजवळ’मधून ‘देऊळ’ काढायला मात्र यंत्राला सामान्यरूप कळावं लागतं. इंग्रजीच्या बहुवचनाचा एस उडवण्याइतकं हे सरळ नाही. म्हणून भावाला म्हटलं, समुद्र, देऊळ, जेवण हे शब्द लोक बोलतात तसे वेगवेगळ्या रूपांत सहज येऊ देत, वहिनी पाहुण्यांना फोनवर सांगते तसं लिही. ऑन-पेज एसईओ म्हणजे मुख्यतः एवढंच : नेमकं शीर्षक, वाचनीय मजकूर, मोबाइलवर पटकन उघडणारं पान. निकालात नावाखाली दिसणाऱ्या दोन ओळी गूगल पानावरच्या मजकुरातून उचलतं, किंवा मेटा डिस्क्रिप्शनमधून, म्हणजे मेटा टॅगमध्ये लिहिलेल्या पानाच्या सारांशातून. त्या क्रम वाढवत नाहीत, पण दार ठोठावायला लावतात.

आता बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्याच्या पानावरून आपल्या पानाकडे येणारा दुवा. याचं मूळ ग्रंथालयात आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात कुठला शोधनिबंध कुणी उद्धृत केला याची सूची छापायला सुरुवात केली. ज्याचा हवाला अनेक जण देतात तो निबंध वजनदार, असं त्यावरून मानलं जाऊ लागलं. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी तीच दृष्टी वेबला लावली आणि एक पाऊल पुढे गेले : हवाला देणारा स्वतः किती वजनदार आहे तेही धरायचं. १९९८च्या त्यांच्या निबंधातलं हे पेजरँक. (नाव वेबपेजवरून नव्हे, लॅरी पेजवरून.)

तीन पानं घ्या. ‘अ’ने ‘ब’ आणि ‘क’ला दुवा दिला, ‘ब’ने ‘क’ला, आणि ‘क’ने ‘अ’ला. एक निरुद्योगी माणूस डोळे मिटून दुवे दाबत फिरतोय. तो कुठल्या पानावर किती वेळ सापडेल? ‘अ’वर ४० टक्के, ‘ब’वर २० आणि ‘क’वर ४०. ‘क’कडे दोन दुवे येतात आणि ‘अ’कडे एकच, तरी दोघे बरोबरीत. कारण ‘अ’ला मिळालेला एकुलता दुवा तालेवार ‘क’कडून आला आहे, आणि ‘क’ने आपलं वजन वाटून न टाकता सगळं त्यालाच दिलं आहे. खऱ्या सूत्रात हा माणूस मधूनच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. मूळ निबंधात दुवा दाबण्याची शक्यता साधारण ८५ टक्के आणि उडीची १५ टक्के धरली आहे. ती धरली की ‘क’ किंचित पुढे सरकतो, ३९.७ विरुद्ध ३८.८.

मला या सूत्रातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं : कुणाचंच वजन आधी माहीत नसतं, प्रत्येकाचं दुसऱ्यावर अवलंबून, तरी पुन्हापुन्हा वाटप करत गेलं की आकडे स्थिरावतात.

आणि अर्थातच लोकांनी दुवेही पिकवायला घेतले. एकमेकांना दुवे देणाऱ्या पोकळ साइटचे मळे उभे राहिले, त्यांना लिंक फार्म म्हणतात. दुव्यावर लिहिलेला मजकूर, म्हणजे अँकर टेक्स्ट, हाही मोजला जातो हे हेरून २००३मध्ये काही जणांनी ‘दयनीय अपयश’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहून त्यांवरून जॉर्ज बुश यांच्या अधिकृत परिचयाच्या पानाकडे दुवे दिले. ते शब्द शोधले की बुश पहिल्या क्रमांकावर! ही थट्टा गूगलने २००७मध्ये मोडून काढली. त्याआधी २००५मध्ये ‘नोफॉलो’ची खूण आली : हा दुवा दिलाय, पण माझं मत धरू नका. एप्रिल २०१२मध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकतच्या दुव्यांवर उभ्या राहिलेल्या कित्येक साइट एका फटक्यात खाली गेल्या. असल्या चोरवाटांना ब्लॅक हॅट म्हणतात.

म्हणून ‘महिन्याला ५०० बॅकलिंक’ वाचून मी दचकलो. दापोलीच्या चार खोल्यांबद्दल दर महिन्याला ५०० जण आपणहून कशाला लिहितील? ‘डीए’ म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. एखादी साइट शोधात किती वर येईल याचा हा मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गूगलचा आकडा नव्हे. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतःच सांगतं.

घाई असेल तर जाहिरात. मेहनतीने वर येणारा तो ऑरगॅनिक निकाल, पैसे मोजून येणारा तो पेड. दर क्लिकमागे मोजायची रक्कम म्हणजे सीपीसी, आणि ती लिलावात ठरते. पण नुसती बोली चालत नाही, जाहिरातीच्या दर्जाने तिला गुणतात. एकाची बोली २० रुपये, दर्जा ४, गुणाकार ८०. भावाची बोली १२ रुपये, दर्जा ८, गुणाकार ९६. जिंकतो भाऊ, आणि समोरच्याच्या ८०ची बरोबरी साधण्यापुरते १० रुपये क्लिकला मोजतो. प्रत्यक्षातला हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, गाभा हाच. पुढचे शब्द सोपे : जाहिरात १,००० वेळा दिसली तर तेवढी इंप्रेशन्स, ३० जणांनी दाबली तर सीटीआर, म्हणजे क्लिकचं प्रमाण, ३ टक्के, त्यांतल्या तिघांनी खोली घेतली तर कन्व्हर्जन १० टक्के. भावाला शेवटच्या आकड्याशी मतलब.

त्याने एजन्सीला एवढंच विचारलं, हे ५०० दुवे येणार कुठून? दोन दिवसांनी यादी आली. पहिली साइट ट्रकचे टायर विकणाऱ्याची होती, आणि ज्या लिपीत होती ती आम्हा दोघांनाही वाचता येईना.