सर्व्हर दमला की मोजणारं मशीन?

चाळीस सेकंद सगळं हिरवं. मग वीस सेकंद लालच लाल. मग पुन्हा चाळीस सेकंद हिरवं. अंधेरीच्या ऑफिसात रात्री साडेआठला मी तिसऱ्यांदा तेच बघत होते. दोन दिवसांनी एका प्रवेश अर्जाची वेबसाइट लोकांसाठी खुली व्हायची होती आणि आमच्या लोड टेस्टमध्ये हजारो रिक्वेस्ट फसत होत्या. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या लॉगमध्ये या रिक्वेस्ट आल्याच नाहीयेत." लॉग म्हणजे सर्व्हरची नोंदवही. मला तेव्हा ते पटलं नाही, पण तो अगदी खरं सांगत होता.

लोड टेस्ट म्हणजे खरी गर्दी यायच्या आधी खोटी गर्दी करून बघणं. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काळ बुकिंग उघडतं, तेव्हा त्या एका मिनिटात काय होतं ते आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. दहावीचा निकाल लागतो तेव्हाही तेच. हजारो माणसांना आधी बोलावून सराव करून घेता येत नाही. म्हणून एक प्रोग्रॅम त्या हजारोंचं सोंग घेतो, सर्व्हरकडे पानं मागतो आणि प्रत्येक उत्तराला किती वेळ लागला ते टिपून ठेवतो. आम्ही वापरत होतो ते जेमीटर. १९९८ पासून चालत आलेलं, जावामध्ये लिहिलेलं, मोफत. जगभरचे टेस्टर ते वापरतात.

या टूलची मांडणी समजायला सोपी आहे. किती 'थ्रेड' हवेत ते सांगायचं, एक थ्रेड म्हणजे एक खोटा माणूस. ही माणसं किती वेळात जमा व्हावीत ते सांगायचं, त्याला रॅम्प-अप म्हणतात. मग कोणती पानं कोणत्या क्रमाने मागायची ते. बहुतेक जण इथपर्यंत अर्ध्या तासात पोहोचतात. खरी अडचण पुढे आहे: हे टूलही एका साध्या कॉम्प्युटरवरच चालतं आणि त्या कॉम्प्युटरलाही मर्यादा असतात. जेमीटर आपणहून फक्त १ जीबी मेमरी घेतं. त्याची खिडकी उघडी ठेवून, प्रत्येक उत्तर पडद्यावर दाखवायला सांगून मोठी टेस्ट लावली, तर ती उत्तरं साठवण्यातच मेमरी संपते आणि टूल धापा टाकू लागतं. मग वेळ वाढलेला दिसतो तो टूलचा, आणि नाव जातं सर्व्हरवर. म्हणून टेस्ट खिडकीत तयार करायची, पण चालवायची मात्र काळ्या पडद्यावर, कमांड देऊन.

ती काळजी आम्ही घेतली होती. तरीही लाल पट्टे येत होते. शेवटी आकडे बाजूला ठेवून मी एरर एकेक करून वाचायला घेतल्या. दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. प्रत्येक एररला लागलेला वेळ शून्य किंवा एक मिलिसेकंद होता. आमचा सर्व्हर दुसऱ्या शहरात, तिथपर्यंत जाऊन यायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. इतक्या लवकर नकार येतोय, म्हणजे तो तिथून येतच नाहीये. दुसरी गोष्ट म्हणजे एररचा मजकूर: मागितलेला पत्ता देता येत नाही, अशा अर्थाचा. सर्व्हर बंद आहे, सर्व्हर व्यस्त आहे, असं त्यात कुठेच नव्हतं.

इथे पोर्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. सिद्धिविनायकाला जाताना आपण चप्पल स्टँडवर चप्पल ठेवतो आणि नंबरचा बिल्ला घेतो. आपला कॉम्प्युटर बाहेर एखादी जोडणी उघडतो, तेव्हा तोही तिला असाच एक नंबर देतो, म्हणजे आलेलं उत्तर कोणाचं ते कळतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ हे नंबर राखलेले असतात. म्हणजे एका सर्व्हरच्या एका पत्त्यासाठी २८,२३२ बिल्ले. जोडणी संपली की बिल्ला परत येतो, पण जोडणी आपण होऊन बंद केली असेल तर लिनक्स तो ६० सेकंद बाजूला ठेवतं. कारण रास्त आहे. आधीच्या जोडणीचं माहितीचं एखादं पाकीट वाटेत रेंगाळून उशिरा आलं आणि तोवर तोच नंबर दुसऱ्याला दिलेला असला, तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती जाईल.

आता हिशेब करा. आम्ही सेकंदाला साधारण ७०० रिक्वेस्ट पाठवत होतो आणि प्रत्येक रिक्वेस्टला नवी जोडणी उघडत होतो. २८,२३२ भागिले ७००, म्हणजे चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत बिल्ले संपले, पहिला बिल्ला परत मिळायला साठ सेकंद, मधली वीस सेकंदं लाल! मी हे वहीच्या मागच्या पानावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. दोन दिवस आम्ही ज्याच्यामागे लागलो होतो तो दोष माझ्याच टेबलावरच्या मशीनचा होता. अशा तऱ्हेने एका मशीनवरून सेकंदाला जेमतेम ४७० नव्या जोडण्याच सतत टिकू शकतात, सर्व्हर कितीही तगडा असो.

उपाय एका खुणेचा होता. टेस्ट तयार करताना 'कीप-अलाइव्ह'ची खूण निघून गेली होती. ती असली की एकच जोडणी पुन्हा पुन्हा वापरली जाते, जशी खरे ब्राउझर वापरतात. खूण केली आणि लाल पट्टे गेले. याच जातीची दुसरी मर्यादा म्हणजे एका प्रोग्रॅमला किती फाइल आणि जोडण्या एका वेळी उघडता येतील, ती. अनेक लिनक्स मशीनवर ती १०२४ असते आणि टेस्टच्या आधीच वाढवून ठेवावी लागते.

लाल रंग निदान दिसतो तरी. मला जास्त भीती हिरव्याची वाटते. "कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं सांगणारं पानही सर्व्हर अनेकदा २०० या यशाच्या कोडसह पाठवतो, आणि ते पान हलकं असल्यामुळे झटकन येतं. टूलच्या दृष्टीने टेस्ट उत्तम चालली! लॉग-इनचं टोकन, म्हणजे आत आल्याची खूणचिठ्ठी, जुनं झालं असेल तर प्रत्येक खोटा माणूस लॉग-इनच्या पानावर परत पाठवला जातो आणि आपण तासभर त्या एकाच पानाची परीक्षा घेत बसतो. म्हणून आलेल्या पानात अपेक्षित शब्द आहे का, हे टूलला तपासायला लावायचंच.

माणसं किती याचा हिशेबही असाच चुकतो. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली एक सुटसुटीत नियम सिद्ध केला: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत राहण्याचा वेळ. देवळाच्या रांगेत मिनिटाला ४० जण शिरत असतील आणि प्रत्येकाला अर्धा तास लागत असेल, तर रांगेत १२०० माणसं असणार. हाच नियम उलटा लावा. ५०० जण साइटवर आहेत, पान यायला २ सेकंद लागतात आणि ते वाचायला माणूस ८ सेकंद घेतो. म्हणजे सेकंदाला ५० रिक्वेस्ट. वाचण्याची ती ८ सेकंदं टेस्टमध्ये घालायला विसरलात, तर त्याच ५०० जणांच्या सेकंदाला २५० रिक्वेस्ट होतात. पाचपट!

याहून फसवी चूक सरासरीत लपते. टूलचा खोटा माणूस उत्तर आल्याशिवाय पुढची रिक्वेस्ट पाठवत नाही. समजा, एकच असा माणूस १० मिलिसेकंदाला एक या वेगाने ९० सेकंद पानं मागतो, म्हणजे ९,००० वेळा. मग सर्व्हर १० सेकंद गोठतो. त्या काळात टूलकडे नोंद होते फक्त एका रिक्वेस्टची, आणि सरासरी येते ११ मिलिसेकंद. पण खरी माणसं सर्व्हर गोठलाय म्हणून यायची थांबत नाहीत. त्याच वेगाने आणखी हजार जण आले असते, प्रत्येकजण सरासरी ५ सेकंद ताटकळला असता आणि खरी सरासरी अर्ध्या सेकंदावर गेली असती. सायनला रुळांवर पाणी भरून एक लोकल तासभर अडकावी, मागच्या गाड्या सुटूच नयेत, आणि दिवसाच्या हिशेबात "एक गाडी उशिरा" एवढंच लिहिलं जावं, तसं हे आहे. कुर्ल्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तो हिशेब दाखवून बघा. गिल टेने या सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी या चुकीकडे जगाचं लक्ष वेधलं. तेव्हापासून मी रिक्वेस्ट ठरलेल्या वेगाने सोडते, उत्तर येवो न येवो, आणि सरासरीच्या आधी शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या एकाचा वेळ बघते.

त्या रात्री बिल्ल्यांचा प्रश्न सुटल्यावर आम्ही नुसतं पहिलं पान मागण्याऐवजी पूर्ण अर्ज भरण्याची टेस्ट लावली. वेगळे अर्ज क्रमांक, मधे थांबणं, सगळं घालून. वेग चढत गेला आणि सेकंदाला २४० अर्जांवर येऊन सपाट झाला. माणसं वाढवली तरी आकडा हलेना, फक्त प्रत्येकाचं ताटकळणं वाढत गेलं. मी पुन्हा फोन केला. डेटाबेसच्या जोडण्या किती ठेवल्यात, विचारलं. दहा, तो म्हणाला. एक अर्ज साठवायला एक जोडणी ४० मिलिसेकंद अडकत होती, म्हणजे दहा जोडण्या सेकंदाला जास्तीत जास्त २५० अर्ज घेणार. लिटलचाच नियम.

"लॉगमध्ये बघ जरा," मी म्हटलं. काही क्षण कीबोर्डचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो मॅडम, या सगळ्या आल्यात."